दोरा आणि तार

“आधी पाणी उकळू दे. मग काटा काय म्हणतो ते बघ. आणि तोंड उघडायचं ते त्याच्यानंतर.”

सावळीरामांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी स्टोव्ह पेटवला की बायडाबाईंच्या कानाशी हे बोल यायचेच. आताही आले. तोंड उघडायचा तसा प्रश्नच नव्हता, कारण आज सोमवार होता. सोमवारी अंघोळ करून महादेवाला बेल वाहून आल्या, की संध्याकाळी दिवा लागेपर्यंत त्या बोलत नसत. सावळीराम अंथरुणाला खिळले तेव्हा हे मौन धरलं होतं. ते गेले, मौन राहिलं. ज्याच्यासाठी धरलं तोच राहिला नाही, मग आता कशाला, असं लोकांनी विचारलं. बायडाबाई हळू आवाजात एवढंच म्हणाल्या होत्या, “तो काही सौदा नव्हता.”

नाशकातल्या द्वारकेच्या चौकात, मुंबईचा, धुळ्याचा आणि पुण्याचा असे तीन रस्ते जिथे एकमेकांच्या अंगावर येतात, तिथे टायरवाल्याच्या दुकानाला खेटून त्यांची पत्र्याची टपरी होती. ट्रकच्या डॅशबोर्डावरची मीटरं दुरुस्त करायची. नवऱ्याच्या हाताखाली शिकता शिकता हात बसला आणि आता टपरी त्यांचीच होती. गिऱ्हाइकांना त्यांचा सोमवार ठाऊक होता. नवा कोणी आला तर टायरवाला तिथूनच सांगायचा, “त्या आज बोलायच्या नाहीत, पण कान शाबूत हायेत. तू सांग काय ते.”

आज सकाळी झिपरू फिटर वर्तमानपत्राच्या कागदात एक पुडी देऊन गेला होता. तिच्यात एक सेन्सर होता. गोटीराम अण्णांच्या गाडीचा, मागच्या आठवड्यात कसारा घाटात बसली तिचा. अण्णांनी निरोप दिला होता, की हा तपासा आणि चांगला आहे एवढं सांगा.

सेन्सर म्हणजे दिसायला अंगठ्याएवढं पितळी बोंड. इंजिनाच्या डोक्याशी जिथे पाणी फिरतं तिथे ते आट्यांनी पिळून बसवलेलं असतं. टोक पाण्यात बुडालेलं आणि शेपटीला एकच तार. पोटात मण्यासारखी एक टिकली असते. पाणी गार असलं की ती टिकली विजेला अडवून धरते, पाणी तापत गेलं की वाट मोकळी करत जाते. वाट जितकी मोकळी, तितका ड्रायव्हरच्या समोरचा काटा वर चढतो. पण वीज तारेनं नुसती येऊन भागत नाही. तिला परतही जावं लागतं, ती बोंडाच्या आट्यांतून, इंजिनाच्या लोखंडातून. सावळीराम हे नव्यानं लग्न झालेल्या बायकोला समजावताना म्हणाले होते, लेक माहेराला कधी निघते, तिला परत यायची वाटही मोकळी आहे असं माहीत असतं तेव्हा. परतीची वाट नसेल तर ती घरातून निघतच नाही. देवळ्याच्या माहेराला कधी जायला मिळेल याचा हिशेब मनात करणाऱ्या त्या मुलीला वीज एका दमात समजली होती.

पातेल्यातल्या पाण्याला बुडबुडे आले. बायडाबाईंनी बॅटरीची एक तार सेन्सरच्या शेपटीला लावली, दुसरी चिमट्यानं थेट त्याच्या पितळी अंगाला धरली आणि टोक पाण्यात सोडलं. फळीवर ठेवलेल्या मीटरचा काटा हलला आणि सरसर वर गेला. सेन्सर चांगला होता.

म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं ठरत होतं. गाडी मुंबईकडून सळ्यांचा माल घेऊन घाट चढत होती. इंजिन तापलं, आणि तशा तापल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण ड्रायव्हर मंगळूनं उघडलं. आतलं उकळतं पाणी त्याच्या मानेवर आणि उजव्या हातावर आलं. काटा लालमध्ये गेलेला असताना जो माणूस झाकण उघडतो तो शुद्धीत नसणार, म्हणजे प्यायलेला असणार, असं द्वारकेवर ठरून गेलं होतं. मंगळूला ओळखणारेही तसं म्हणायला लागले होते.

बायडाबाईंना मात्र मंगळू चांगला माहीत होता. त्यांनी सेन्सर बाहेर काढला, उलटसुलट केला. आट्यांवर पांढरा सफेदा थापलेला होता, नळवाले गळती थांबवायला सुतावर लावतात तसा. तो पुसायला हात गेला आणि थांबला. सावळीरामांनी करून ठेवलेली एक लोखंडी पट्टी होती, तिच्या भोकाला इंजिनासारखेच आटे पाडलेले. त्यांनी सेन्सर आहे तसा, सफेद्यासकट, त्या पट्टीत पिळला आणि बॅटरीचा चिमटा पितळाऐवजी पट्टीला लावला. आता जे इंजिनात होत होतं तेच इथे होणार होतं.

पाणी खदखदत राहिलं. काटा जागचा हलला नाही. गार, तो म्हणत होता. सगळं गार.

बायडाबाईंनी सेन्सर सोडवून पदराची टाचणी काढली आणि आट्यांच्या खोबणीतून सफेद्याखालचं सूत उकरून काढायला लागल्या. ते सुटत सुटत लांब होत गेलं. सफेद्याच्या आत ते लाल होतं, मधेमधे पिवळं.

तेवढ्यात गोटीराम अण्णा आले. स्वतः कधीकाळी ड्रायव्हर होते. आता त्यांच्या गाड्या होत्या आणि हातात मोबाइल होता, दोन हजार सालच्या द्वारकेवर तो सगळ्यांकडे नव्हता. सावळीरामांशी त्यांची जुनी दोस्ती, म्हणून बायडाबाईंना ते वैनी म्हणत आणि त्यांच्या गाड्यांची मीटरं दुसरीकडे जात नसत. या टपरीचं निम्मं काम त्यांचंच होतं. त्यांनी फळीवरचा दोरा पाहिला, वाकून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हा तर घाटनदेवीचा नाडा हाय, वैनी. इगतपुरीला ड्रायव्हर लोक मनगटाला बांधतात तो. म्हणजे यानं देवीचा दोरा इंजिनात घुसडला आणि काटा मारून टाकला. बघा म्हणजे. माझी गाडी यानं जाळली.”

बायडाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

अण्णा स्टुलावर बसले आणि समजावणीच्या आवाजात बोलू लागले. गुरुवारी मालकांची बैठक होती. तिथे एखाद्या ड्रायव्हरचं नाव निघालं की नाशकात त्याला कोणी स्टिअरिंगला हात लावू देत नसे. मंगळूचं नाव निघणारच होतं, पण दारूची गोष्ट सिद्ध कोण करणार. दोरा मात्र समोर होता. वैनींनी बैठकीत येऊन एवढंच सांगायचं, की सेन्सर चांगला होता आणि त्यावर दोरा गुंडाळलेला मिळाला.

“यात खोटं काय हाय सांगा. तुम्ही देवमाणूस. खोटं बोला असं मी तुम्हाला सांगीन का?”

खोटं नव्हतं, हे खरंच होतं. पण त्या गाडीत काट्याशिवाय आणखी एक राखणदार होता. पाणी जास्त तापलं की केबिनमध्ये ओरडणारा भोंगा. त्याला वेगळा सेन्सर, वेगळी तार. काटा मेला तरी भोंगा ओरडायला हवा होता. दिवाळीच्या आधी हेच अण्णा याच स्टुलावर बसून म्हणाले होते, की घाटात भोंगा बोंबलला की ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन बिडी ओढत बसतात, माल उशिरा पोचतो, तेव्हा सगळ्या गाड्यांच्या भोंग्यांच्या तारा काढून टाका. बायडाबाईंनी ते काम करणार नाही म्हणून सांगितलं होतं. अण्णा हसले होते. काम मग दुसऱ्या कोणी केलं.

“आज तुमचं मौन हाय, बोलू नका,” अण्णा म्हणाले. “नुसती मान हलवा. मी समजून घेतो.”

बायडाबाईंनी मान हलवली नाही.

“जरा हलवली तरी चालंल, वैनी.”

त्यांनी डोळ्यांची पापणीही हलू दिली नाही. शेजारचा टायरवाला काम सोडून बघायला लागला होता. अण्णांना ते कळलं आणि ते उठले. म्हणाले, असू द्या, तो सेन्सर द्या इकडे. हात पुढे आला तसा बायडाबाईंनी सेन्सर दोऱ्यासकट उचलला आणि उकळत्या पातेल्यात सोडून दिला. मग पदरानं कपाळ पुसलं. गोटीराम अण्णांनी त्या वाफेकडे पाहिलं आणि ते चौकातल्या गर्दीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून बायडाबाई हरसूलच्या एसटीत बसल्या.

मंगळूचं घर गावापासून वर, उताराला होतं. कुडाच्या भिंती, पुढे पडवी. पडवीत तो खांबाला टेकून बसला होता. मान आणि गाल सोललेला, उजवा हात कापडात गुंडाळून मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. त्याची बायको भागीबाई पाणी घेऊन आली आणि दाराशीच टेकली. मावशी इतक्या लांब आल्या म्हणजे काही तरी वाईटच सांगायला आल्या असणार, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“काटा गार होता मावशी,” मंगळूनं कोणी विचारायच्या आतच सांगितलं. “दोनदा पाह्यला. काच ठोकून पाह्यला. गाडी वढत नव्हती, मला वाटलं डिझेलचं काय तरी असंल. पाणी तरी पाहू म्हणून झाकण खोललं.” मग खाली बघून म्हणाला, “मी पिलो नव्हतो.”

बायडाबाईंनी पिशवीतून कागद काढून उलगडला. दोरा उकळून फिका झाला होता, पण ओळखू येत होता. मंगळूनं डावा हात लांब केला, पण दोऱ्याला बोट लावलं नाही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. होळीच्या सुमाराला इगतपुरीला त्याला सेन्सरच्या आट्यांतून पाणी झिरपताना दिसलं. आतला तांब्याचा वायसर गेला होता. शेठला सांगितलं तर शेठ म्हणाले पुढच्या खेपेला बघू. एका नळवाल्याकडून सफेदा घेतला, सूत त्याच्याकडेही संपलेलं. मनगटावर देवीचा नाडा होता. मंगळूनं विचार केला, दोरा तो दोरा, शिवाय आईचा. गळती बंद झाली. आणि त्या दिवसापासून काटा कधी चढलाच नाही. भरल्या मालानं घाट चढला तरी नाही. त्याला वाटलं, आईनं गाडी गार ठेवली. त्यानं देवीला नारळ फोडला, ढाब्यावर चार ड्रायव्हरांना सांगितलं, त्यातल्या एकानं तर आपल्याही गाडीला तसा दोरा बांधायचं मनावर घेतलं होतं.

बायडाबाईंनी त्याला विजेची परतीची वाट सांगितली. दोरा आणि सफेदा मधे आला, पितळाचा लोखंडाला स्पर्श राहिला नाही, वीज परतू शकली नाही, म्हणून काटा झोपून राहिला. मंगळू ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं,

“म्हंजी आईनंच?”

“नाही रे,” बायडाबाई म्हणाल्या. “देवीनं काही केलं नाही. दोरा मनगटाला बांधायचा तो तिच्यासाठी. लोखंड-पितळाचं तिनं आपल्याकडे सोपवलंय. ते आपण बघायचं.”

दारातून भागीबाई बोलली. तिचा आवाज बारीक होता, पण धारेचा.

“मावशी, दोऱ्याचं चार माणसांत सांगू नका. पिला व्हता म्हनतात ना, म्हनू द्या. पिणारे लय हायेत, त्यांना लोक इसरतात. देवीच्या दोऱ्यानं भाजला म्हनले तर जलमभर हसतील. पोरांना नाव पडंल.”

ती बरोबर बोलत होती. रस्त्यावरच्या एकेका ढाब्यावर ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली गेली असती. बायडाबाईंनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, की तुम्ही दोघं नको म्हणाल तर मी जाणारच नाही बैठकीला. पण गेले तर अर्धं सांगणार नाही.

मंगळू खालच्या भाताच्या खाचरांकडे बघत होता. उन्हाळ्यात तिथे नुसती ढेकळं होती.

“सांगा,” तो म्हणाला. “हसू द्या लोकांना. मी दोरा बांधला, मी सांगतो बांधला. पण मग भोंग्याचंबी सांगा. तो मी नाय कापला.” आणि बायकोकडे न बघता पुढे म्हणाला, “हिरामण माझ्यासारख्याच गाडीवर हाय, मावशी. त्याच मालकाच्या. माझा हात आता काय स्टिअरिंग धरत नाय, बोटं वळत नाहीत. माझं जाऊ द्या. माझ्या भावाच्या गाडीचा भोंगा तेवढा जोडून द्या.”

“देईन,” बायडाबाई म्हणाल्या. “कोणी जोडला नाही तर मी जोडीन. माझ्या हातानं.”

भागीबाईनं नाक ओढलं आणि आत गेली. निघताना तिनं बायडाबाईंच्या पिशवीत नागलीच्या पापडांची पुडी घातली.

बुधवारी झिपरू टपरीवर आला आणि उगाच एक पाना हातात घेऊन उभा राहिला. बैठक गुरुवारी नाही, सोमवारी आहे, म्हणाला. अण्णांनी सगळ्या मालकांना फोन करून दिवस बदलून घेतला. का बदलला ते त्यानं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. टायरवाला तिकडून मोठ्यानं हसला. म्हणाला, शेठनं बाईंच्या तोंडाला देवाकडून कुलूप लावून घेतलं.

झिपरू तरी हलेना. मग पाना ठेवत म्हणाला, “तारा मी कापल्या बाई. शेठनं सांगितल्या, मी कापल्या. दुसऱ्या मालकांच्याबी कापल्या. एकानं केलं की सगळ्यांनाच पाह्यजे व्हतं.”

त्यानंतर ज्याला त्याला मत होतं. एका सोमवारानं काही बिघडत नाही, असं टायरवाला म्हणाला. भल्याच्या कामासाठी मोडलेलं व्रत देव धरत नाही, असं शेजारीण म्हणाली. बायडाबाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. रविवारी रात्रीचं जेवण झाल्यावर त्या देव्हाऱ्यापुढे बसल्या. त्यांना व्रत मोडायची भीती नव्हती. सावळीरामांच्या शेवटच्या दिवशी, सोमवारच होता तो, त्या मोडून बोलल्याच होत्या. पण ते आपल्या माणसासाठी. गोटीराम अण्णांनी दिवस निवडून द्यायचा आणि आपण त्या दिवशी देवाला बाजूला ठेवायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. अण्णांना वाटत होतं की न बोलणारी बाई म्हणजे नसलेली बाई. देवापुढे कधी तरी माहेरची बोली तोंडात यायची, तशी आली. “देवा, तुले माहीत शे,” त्या पुटपुटल्या आणि समई शांत केली.

बैठक आडगाव नाक्याच्या पुढे एका मालकाच्या आवारात होती. लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पलीकडे ओळीनं उभे ट्रक. सगळ्यात वयस्कर मालक चिमाजी बाबा, ते मधे. बायडाबाई पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या तेव्हा गोटीराम अण्णा उठून उभे राहिले. या वैनी, बसा, म्हणाले. यांचं आज मौन असतं, त्यामुळे यांना जे सांगायचं ते मीच सांगतो. मग त्यांनी सांगितलं. सेन्सर चांगला होता, वैनींनीच तपासला. आणि त्यावर मंगळूनं देवीचा दोरा गुंडाळला होता. खुर्च्यांमधून हसू फिरलं. कोणी म्हणालं, आता गाडीला अंगारा पण पाजतील.

बायडाबाईंनी पिशवीतून स्टोव्ह काढला.

पाणी उकळायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे खुर्च्यांवर चुळबुळत बसले. एकानं अण्णांना विचारलं, हे काय चाललंय. अण्णा म्हणाले, वैनी, अहो मी सांगितलं सगळं. बोलणाऱ्या माणसाला मधे तोडता येतं. न बोलणाऱ्याचं काय करायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. पाणी खदखदलं तशी त्यांनी पट्टी, बॅटरी आणि मीटर मांडलं. सेन्सरला दोरा सफेद्यात भिजवून होता तसा गुंडाळून आणला होता. तो पट्टीत पिळून पाण्यात सोडला आणि मीटर उचलून प्रत्येकाच्या समोरून फिरवलं. काटा गारच होता. चिमाजी बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि काचेवर बोटानं टिचकी मारली, मंगळूनं मारली होती तशी. मग बायडाबाईंनी दोरा काढला, सेन्सर पुन्हा पिळला. काटा चढत चढत लालमध्ये जाऊन टेकला.

“म्हंजी त्याला काटा गारच दिसला,” चिमाजी बाबा म्हणाले. “पिलेला नव्हता तो.”

“पण दोरा त्याचाच ना, बाबा,” अण्णा म्हणाले. “इतकी वर्सं गाडी चालवणारा माणूस. हाताला बॉनेट तापलेलं कळत नाही? वैशाखाच्या उन्हात सगळंच तापतं, असं सांगू नका मला. मीबी ड्रायव्हर व्हतो.”

यालाही उत्तर होतं, पण ते स्टोव्हजवळ नव्हतं. बायडाबाई उठल्या, पदर खोचला आणि ट्रकांच्या ओळीकडे चालू लागल्या. पहिली गाडी अण्णांचीच होती, हिरामणची. हिरामण तिच्या चाकाला टेकून उभा होता. अंगानं भावासारखाच, उंच आणि शेलाटा. त्यांनी बॉनेटकडे बोट केलं. हिरामणनं मालकाकडे पाहिलं. मालकानं मान हलवली, नाही. हिरामणनं बॉनेट उघडलं.

बायडाबाईंनी बंपरवर पाय देऊन आत हात घातला. तारांच्या जुडग्यात बोटं फिरली, एका ठिकाणी थांबली आणि काळ्या टेपात गुंडाळून मागे दडपलेलं तारेचं टोक त्यांनी ओढून बाहेर काढलं. टेप सोलली. आत तांबं चमकलं. ते टोक त्यांनी दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असं उंच केलं. मग शेजारच्या गाडीकडे गेल्या. ती दुसऱ्या मालकाची होती. तिचं बॉनेट उघडायला झिपरू पुढे आला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. तिच्यातूनही तसंच टोक निघालं. तिसऱ्या गाडीचा मालक खुर्चीतून उठून म्हणाला, राहू द्या बाई, माझी राहू द्या. त्यांनी ऐकून घेतलं, त्याला नमस्कार केला आणि त्याच्याही गाडीतून ते टोक बाहेर काढलं.

मग कोणी हसत नव्हतं. लिंबाखाली सगळे कपाळावर आठ्या घालून वेगवेगळ्या दिशांना बघत होते. गोटीराम अण्णांचा चेहरा लाल झाला होता आणि ते पुन्हा पुन्हा मोबाइलची बटणं दाबत होते.

“मंगळूचं नाव या बैठकीत निघालं नाही,” शेवटी चिमाजी बाबा म्हणाले. “असं धरा.”

“आणि तारांचं?” हिरामणनं विचारलं. मालकांच्या बैठकीत ड्रायव्हर बोलत नसतो.

“बघू,” चिमाजी बाबा म्हणाले.

त्या बघूचा अर्थ सगळ्यांना समजला. खुर्च्या सरकल्या. बायडाबाई स्टोव्ह थंड व्हायची वाट बघत बसल्या होत्या तेव्हा गोटीराम अण्णा जवळ आले. आवाज चढवला नाही त्यांनी.

“सावळीराम असता तर असा उलटला नसता, वैनी. उद्यापासून माझी गाडी तुमच्या टपरीवर दिसणार नाही. आणि माझ्या गाडीला परत हात लावायचा नाही.”

बायडाबाईंनी पातेल्यातलं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतलं, हात जोडले आणि निघाल्या. संध्याकाळी घरी दिवा लागला, मौन सुटलं. शेजारणीनं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, मंगळूचं नाव राहिलं. आणि टपरीचं निम्मं काम गेलं. मग भाकरीबरोबर नागलीचा एक पापड भाजून खाल्ला आणि झोपल्या.

मंगळवारी त्या नेहमीच्या वेळेच्या आधी उठल्या. अंघोळ, देवपूजा, तुळशीला पाणी, काही टाळलं नाही. हिरामणची गाडी ऊन वर यायच्या आत आडगाव नाक्याच्या आवारातून भिवंडीला सुटणार होती आणि दुपारी भरल्या मालानं घाट चढून परत येणार होती. बायडाबाईंनी फडताळातून पक्कड काढली, तिच्या मुठीवरचं रबर बोटानं घट्ट बसवलं. तारेचं एक लहान वेटोळं आणि टेप कापडी पिशवीत घातली. शेजारीण अंगणात सडा टाकत होती. तिनं विचारलं, आज इतक्या लवकर टपरी?

“टपरी नाही,” बायडाबाई म्हणाल्या. “आडगाव नाक्याला जाऊन येते.”

रिक्षा मिळायला अजून वेळ होता. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, पिशवी काखेत दाबली आणि रस्त्याच्या कडेनं, समोरून येणाऱ्या ट्रकांना तोंड देत, चालायला लागल्या.